तीन पाळ्यांची मुदत

सारजाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या दवाखान्याच्या पायरीवर पोटाशी गुडघे घेऊन बसली होती, आणि मी तिच्यावर खेकसले होते. माझं हे असंच. आधी तोंड सुटतं, मग डोळे उघडतात. आमचे वसंतराव म्हणायचे, "विनया, तुला काही सांगायचं म्हणजे आधी तुझं बोलून संपायची वाट बघावी लागते." खरंच होतं ते. त्याची शिक्षा मात्र मला झाली नाही, दुसरीलाच झाली, म्हणून आज हे सांगायला बसले आहे.

शहाण्णव सालचा जानेवारी होता. बारामतीत भिगवण रोडला माझ्या दोन खोल्या होत्या. बाहेर फिजिओथेरपी अशी पाटी होती, पण ती वाचून कुणाला काही कळायचं नाही, म्हणून लोक मला शेकवाली बाई म्हणायचे. कंबर धरलेले म्हातारे, खांदा आखडलेले गुऱ्हाळवाले, एमआयडीसीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गुडघे फोडून घेतलेले कामगार, असं माझं गिऱ्हाईक. बाजाराच्या दिवशी बायका पाट्या घेऊन पायरीवर टेकायच्या आणि पेशंटला आत यायला वाट राहायची नाही.

"ऊठ गं, ही काय धर्मशाळा आहे?" मी म्हटलं.

ती उठली. भिंतीला धरून अर्धी उठली आणि परत वाकली, तेव्हा कुठं मला तिचं तोंड दिसलं. दात रुतून खालचा ओठ फुटला होता. मी तिला आत घेतलं, कॉटवर आडवी केली, पोटाला शेक दिला. काय होतंय विचारलं तर आधी लाजली, मग हळूच म्हणाली, "बाहेर बसलीया, बाई."

तेवढ्यात तिची सासू शोधत आली. ठमाबाई. उंच, काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात मिरचीच्या बियाणाची पुडी. ही माणसं इंदापूर तालुक्यातली, लासुर्ण्याच्या वस्तीवरची. पूर्वी यांची मेंढरं होती, आता ऊस होता.

"हितं व्हय तू? म्या समदा बाजार पालथा घातला," ती सुनेला म्हणाली आणि मग माझ्याकडं वळली. "दर महिन्याला आसंच हाय बाई. चार दिस गडबडा लोळती. डाक्टर म्हनला पिशवी खराब झालीया, काडून टाका."

"कुठली पिशवी?" मी मुद्दाम विचारलं.

"आता बायकांची आनि कंची आसती?"

सारजा तेवीस वर्षांची होती. पदरात एक मुलगी, चार वर्षांची प्रतिक्षा. आणि कुणा एका डॉक्टरनं दोन मिनिटं पोट दाबून सांगितलं होतं की गर्भाशय काढा, नाहीतर आज ना उद्या कॅन्सर होईल. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी त्या डॉक्टरचा उद्धार करायला लागले, तर ठमाबाई शांतपणे म्हणाली, "का वो? माझी काडली, माझ्या जावंची काडली. आमी काय मेलो? उलट बरं झालं, शिवाशिवीचं लचांड गेलं." ती वाईट बाई नव्हती हो. सुनेचं दुखणं तिला बघवत नव्हतं, आणि तिला ठाऊक असलेला उपाय एवढाच होता.

सासू पुडी ठेवायला बाहेर गेली, तेव्हा सारजानं माझं मनगट धरलं. हाडं मोडतील असं धरलं.

"बाई, मला अजून एक पोर पायजे. पिशवी न्हेऊ देऊ नगा."

माझी मैत्रीण आसावरी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ होती आणि दर शनिवारी बारामतीला यायची. तिच्याकडून मी सारजाची नीट तपासणी करून घेतली, सोनोग्राफीसकट. आसावरी म्हणाली, "अगं, काही झालेलं नाही हिला. गर्भाशय छान आहे. दुखणं खरं आहे, फार आहे, पण त्यासाठी काढायचं काय?" तिनं गोळ्या दिल्या. त्या सारजाच्या पोटात ठरेनात, उलटून पडायच्या.

मग मी माझा उपाय काढला. आदल्या वर्षी मी मुंबईला पंधरा दिवसांच्या शिबिराला गेले होते. लंडनला नर्तकींना व्यायाम शिकवून आलेली एक बाई तिथं पिलाटीस शिकवायची. कुणा जर्मन माणसानं बसवलेला व्यायाम. नाव ऐकून मला वाटलं होतं, हे काय नवीन खूळ! पण मला तेराव्या वर्षापासून पाळीचा त्रास. कॉलेजात परीक्षेच्या हॉलमधून उचलून आणलेली बाई मी. तीन महिने तो व्यायाम केला आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घातले. त्या दिवशी मी गच्चीवर एकटीच हसत उभी होते. तेव्हापासून माझा त्या व्यायामावर जीव जडला होता, आणि कुणावर तरी तो करून बघायची मला घाई झाली होती, हेही खरं.

आसावरीचा निकाल ऐकायला सगळे आले होते. सारजाचा नवरा सिद्धूही आला होता. डेअरीत कामाला होता, पाळी सुटली की तसाच बूट घालून आला. मऊ माणूस. आईच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय पाणी प्यायचा नाही. मी सगळं समजावून सांगितलं. ठमाबाईनं ऐकून घेतलं, जरा विचार केला.

"बरं. तीन पाळ्या बगू," ती म्हणाली. "तिसऱ्या पाळीला, दुसऱ्या दिशी, ही खुरपं घिऊन रानात हुबी ऱ्हायली तर पिशवीचं नाव काडनार न्हाय. न्हाय ऱ्हायली, तर तुमी मधी बोलायचं न्हाय."

"कबूल," मी म्हटलं. वर आणखी बोललेच, "त्या चार दिवसांत चुलीला शिवलेलं चालत नाही, पण खुरप्याला शिवलेलं चालतं, नाही का?" सिद्धूनं मान खाली घातली. ठमाबाई म्हणाली, "रानाला समदं चालतंया." एवढं बोलून तिनं विषय मिटवला.

दर बाजाराला सारजा इंदापूरकडून येणाऱ्या एस.टी.नं यायची. आधी साडी आवरून जमिनीवर उताणं पडायलाच तिला ब्रह्मांड आठवलं. "दुसऱ्याच्या घरात कसं लोळायचं बाई?" मी म्हटलं, "लोळ. माझंच घर आहे." मुंबईच्या बाईनं मला शिकवलं होतं ते सगळं इंग्रजीत होतं, सारजापुढं त्याचा काय उपयोग? मग मी विचारलं, चूल कशी पेटवतेस? म्हणाली, फुंकणीनं. म्हटलं, तशीच फुंकर घाल. लांब, बारीक, निखारा लाल होईपर्यंत. फुंकताना पोट आत जातं ना, ते तसंच धर, बेंबी पाठीला लागू दे. मग कंबर उचल. एकदम नाही. पाठीचा एकेक मणी जमिनीवरून सोडवायचा, गळ्यातल्या डोरल्याचा एकेक मणी ओढतेस तसा. आणि परत एकेक मणी खाली ठेवायचा.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं ते असं काही करून दाखवलं की मी बघतच राहिले. मुंबईच्या शिबिरातल्या बायकांनाही ते जमत नव्हतं. मी मोजायचे, एक, दोन, तीन, आणि ती डोळे मिटून मणी उचलायची. दहा झाले की डोळे उघडून विचारायची, "चुकलं का?" तिला लहानपणापासून बहुधा सगळं चुकल्याचंच कुणीतरी सांगत आलं होतं. मी म्हणायचे, "चुकलं असतं तर मी गप्प बसले असते का?" मग हसायची. हसली की अगदी पोर दिसायची. वस्तीवर तिच्या या प्रकाराला लोळायचा व्यायाम म्हणत होते, आणि प्रतिक्षा आईशेजारी पडून फू फू करायची म्हणे.

पहिली पाळी फेब्रुवारीत आली. चारऐवजी तीन दिवस लोळली. मार्चमध्ये दुसरी आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून बसली, भाकरी खाल्ली. आठवड्यानं मला येऊन सांगताना तिचे डोळे भरून आले होते. "बाई, कमी हुतंया. खरंच कमी हुतंया." मीही रडले. रडताना नाक शिंकरत तिला रागावले की रोज करायचं, एक दिवस चुकवायचं नाही.

एकच अडचण होती. घरात एरवी ती गोधडीवर व्यायाम करायची. पण बाहेरची झाली की तिनं गोठ्याच्या कडेच्या पडवीत बसायचं, अंगाखाली एक पोतं, वेगळं ताट, वेगळा तांब्या. खाली ओबडधोबड फरशी. पाठ टेकली की मणके दगडावर घासायचे. "मग एखादी घोंगडी घे ना पोत्यावर," मी म्हटलं होतं. ती पटकन म्हणाली, "घोंगडी नगं. आमच्यात घोंगडी आशी घेत न्हाईत." का घेत नाहीत, ते मी विचारलं नाही. विचारायला गप्प बसावं लागतं.

एप्रिलमध्ये तिसरी पाळी आली. सिद्धूनं डेअरीसमोरच्या एसटीडी बूथवरून फोन केला. "बाई, सारजा बसलीया बाहेर. लई दुखतंया. आठ दिस ऊस बांधनीला व्हती, व्यायाम झाला न्हाय. उद्या दुसरा दिस हाय." शेवटचं वाक्य तो असं म्हणाला की मला रात्रभर तेच ऐकू येत होतं. सकाळी पहिली एस.टी. धरली आणि लासुर्ण्याला उतरले. तिथून वस्तीपर्यंत चालत गेले. नऊ वाजले होते, ऊन आत्ताच तापलं होतं. कालव्याच्या कडेला उसाची हिरवी भिंत आणि माझ्या घशाला कोरड.

घरी सारजा आणि प्रतिक्षा दोघीच. ठमाबाई रानात गेली होती. जाताना सुनेला एवढंच म्हणाली होती, "म्या रानात हाय. यायचं तर दुपारपतुर यी."

सारजा पडवीत कुशीवर पडली होती, भिंतीकडं तोंड करून, डोळे गच्च मिटलेले. मी तिला हात दिला, उताणं केलं, फुंकर घाल म्हटलं. तिनं घातली. कंबर उचलायला गेली आणि फरशीचा उंचवटा नेमका कण्यात रुतला. अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती परत कुशीवर वळली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. न्हेऊ द्या त्यांना पिशवी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यावर नाही, त्या फरशीवर, त्या पोत्यावर, पडवीत बसवण्यावर, सगळ्यावरच. मी उठले आणि तरातरा घरात गेले. मला जाड काहीतरी हवं होतं. देवघराच्या कोनाड्याशेजारी खुंटीवर एक काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. जाड, घट्ट विणीची. अगदी हवी तशी. मी ती ओढली.

"ती देवाची हाय," मागून प्रतिक्षा म्हणाली. दारात उभी होती, बोट तोंडात.

मी थांबले नाही. मी म्हटलं, "असू दे देवाची. देव काय नको म्हणतोय?"

हे शब्द माझे आहेत. तीन वर्षं रोज ऐकते आहे.

पडवीत घोंगडी अंथरली, सारजाला धरून तिच्यावर सरकवली. तिनं डोळे उघडले नाहीत. मी तिच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि मोजायला लागले. पहिल्या दोन वेळा ती थरथरली. मग फुंकर लांबायला लागली. पाठीचा एक मणी सुटला, दुसरा सुटला. गुडघे छातीशी, परत खाली. परत फुंकर. अर्धा तास आम्ही दोघी त्या पडवीत तेच करत होतो. तिच्या कपाळावरची आठी माझ्यासमोर हळूहळू विरघळत गेली. मी आजवर इतक्या माणसांची दुखणी बघितली, पण दुखणं अंगातून असं निघून जाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ती उठून बसली. मग उभी राहिली. भिंत न धरता. दाराच्या आडोशाला खोचलेलं खुरपं तिनं काढलं आणि माझ्याकडं बघून हसली, आणि सरळ रानाच्या वाटेला लागली. मी मागं. प्रतिक्षा माझ्या मागं. त्या बांधावरून चालताना मला वाटलं, आयुष्यात आपण एक तरी काम पुरं केलं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात त्या डॉक्टरला सुनावून घेत होते.

ठमाबाई मिरचीच्या वाफ्यात बसली होती. सून येताना दिसली तशी ती उठून उभी राहिली. डोळ्यावर हात धरून बघितलं. आणि तिच्या तोंडावर हसू आलं, माझी शपथ, ती हसली. "आलीस का गं?" म्हणाली. सारजा तिच्या पुढ्यात गेली, वाफ्यात बसली आणि पहिलं तण काढलं.

ती बसली तेव्हा तिची पाठ सासूकडं झाली. पाठीवर पिवळं होतं. साडीवर, चोळीवर, केसांत, सगळीकडं भंडारा. आणि काळी लोकर चिकटलेली.

"ह्ये पाठीला काय गं?" ठमाबाईनं विचारलं.

सारजानं हात मागं नेला, बोटं पुढं आणली, बघितली. तिच्या हातातून खुरपं पडलं.

नंतर मला कळलं ते आधी सांगते. ठमाबाईच्या सासऱ्याची, गेणबाची, तीनशे मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरांना चरायला जागा उरली नाही. गेणबानं कळप विकला आणि शेवटच्या कातरणीच्या लोकरीची एक घोंगडी विणून घेतली. दसऱ्याला तिच्यावर घरचा देव बिरोबा मांडायचे आणि भंडारा उधळायचे. कळपातलं त्या घरात तेवढंच शिल्लक होतं. बाहेरची बाई त्या घोंगडीच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही.

"घरातली घोंगडी कुनी काडली?" ठमाबाईचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"मी काढली," मी म्हटलं.

"म्या सांगितलं व्हतं," प्रतिक्षा म्हणाली. "देवाची हाय म्हनून म्या सांगितलं व्हतं."

"कुनाला सांगितलं?"

पोर घाबरली. आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि तिथंच मुसमुसायला लागली. ठमाबाईनं माझ्याकडं बघितलं. मला फक्त एवढंच बोलायचं होतं की मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आयुष्यभर नको तिथं बडबडणारी मी, माझी जीभ टाळ्याला चिकटली. एवढी शिकलेली बाई, दुसऱ्याच्या देवाचं वस्त्र जाणूनबुजून ओढून काढते, हे त्या बाईच्या तोंडावर कबूल करायची मला लाज वाटली.

"मला माहीत नव्हतं, मावशी," मी म्हटलं.

"तुमाला कसं म्हाईत आसंल?" ती म्हणाली, आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली. "तुमचा काय बी दोस न्हाय, बाई. पर हिला म्हाईत व्हतं. आठ वरीस हाय ह्या घरात. मुदत जितायची म्हनून देवाच्या अंगावर लोळली."

सारजा वाफ्यात तशीच बसून राहिली, पिवळी बोटं मांडीवर धरून. ठमाबाईनं मला घरी नेऊन चहा पाजला. मी प्याले. तो चहा मी कशी प्याले, कुणास ठाऊक. मग तिनं मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोबत केली, आणि बस येईपर्यंत आम्ही मिरचीच्या बियाणाविषयी बोललो.

बसमध्ये मी ठरवलं की उद्याच परत जाऊन खरं सांगायचं. उद्या झाला, परवा झाला. कधी पेशंट होते, कधी ऊन होतं, कारणं काय, मागितली तितकी मिळतात. बाजाराच्या दिवशी सारजा येईल, तिला आधी सांगू, असं म्हणत बसले. ती आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही आली नाही. मग मी एमआयडीसीत गेले आणि डेअरीच्या फाटकाबाहेर उभी राहिले. पाळी सुटली, मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडला, त्यातून सिद्धू मला बघून थांबला.

"परवा दवाखान्यात न्ह्यायचीया," त्यानं सांगितलं.

"अरे पण ती उभी राहिली होती! दुसऱ्या दिवशी, खुरपं घेऊन. तुझ्या आईनं बघितलं ना?"

"आय काय बी म्हनली न्हाय बाई. सारजाच म्हनती. म्हनती, ज्यानं इटाळ झाला तेच न्हेऊ दे देवाला. रातध्याड रडती, पर तेच म्हनती." त्यानं हँडलवरची धूळ बोटानं पुसली. "म्या लई समजावलं. तुमचं बी नाव घितलं. तर म्हनली, बाईंस्नी यिऊ देऊ नगा."

तेव्हा तरी मी सांगायचं. त्या फाटकात उभं राहून म्हणायचं, सिद्धू, तुझ्या पोरीनं मला सांगितलं होतं रे, चूक माझी आहे, तुझ्या आईला सांग. मी त्याला काय म्हटलं? म्हटलं, "टाके काढल्यावर जड उचलू देऊ नकोस." मग तो गेला.

शाळांना सुट्ट्या लागल्या त्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आसावरी फोनवर माझ्यावर ओरडली. मीही तिच्यावर ओरडले. दोघींनाही माहीत होतं की त्यानं काही होणार नव्हतं. घोंगडी ठमाबाईनं नीरेवर नेऊन धुतली, पाच दिवस उन्हात घातली, आणि नव्यानं भंडारा टाकून परत खुंटीवर चढवली. हे मला पुढं एका पेशंटनं सांगितलं, तिकडचाच होता. म्हणाला, देव परत राजी झाला.

सारजा आली ती एकदम गेल्या महिन्यात. नव्व्याण्णवची दिवाळी होऊन गेली होती. पायरीवर बसली नाही, थेट आत आली. सव्वीस वर्षांची बाई, पण मी तिला क्षणभर ओळखलं नाही. केस विरळ झालेले, चेहरा सुजट, बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात म्हणून पदरानं वारा घेत होती. हाडं दुखतात म्हणाली, कंबर तर उचलतच नाही. आसावरीनं त्या वेळीच सांगितलं होतं की पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हे होणार. प्रतिक्षा शाळेत जाते, हुशार आहे, हे तिनं न विचारता सांगितलं. दुसऱ्या पोराविषयी ती काही बोलली नाही. मीही नाही.

मी दार लावून घेतलं. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"सारजा, त्या दिवशी प्रतिक्षानं मला सांगितलं होतं. घोंगडी देवाची आहे म्हणून. मला माहीत होतं. तुझ्या सासूशी मी खोटं बोलले."

ती वारा घ्यायची थांबली नाही.

"ठावं हाय बाई," ती म्हणाली. "म्या जागी व्हते. पोरीचं ऐकलं व्हतं म्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? मी अंथरत होते तेव्हा?"

"बोलनार व्हते. तोंड उगडलं व्हतं." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "तेवड्यात तुमी म्हनला, देव काय नको म्हनतोय. मला वाटलं, माझी पिशवी चांगली हाय ह्ये समद्या जगात ह्या बाईनंच वळखलं. मंग देवाचं बी हिला म्हाईत आसंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते, सापडला असता तर मी तिचे पाय धरले असते. इतकी वर्षं ज्यासाठी घरातली माणसं वाट बघत होती, ते त्या दिवशी झालं, मी गप्प बसले.

तिनं मग आपणच साडी आवरली, सतरंजीवर उताणी पडली आणि डोळे मिटले. पाय दुमडून टाचा जवळ घेतल्या. काही विसरली नव्हती.

"मोजा की, बाई."

तिनं फुंकर घातली, लांब, बारीक. मी चारपर्यंत मोजलं. पुढचं तिनंच मोजलं.